दोन बाजार लांब

हेडीअण्णांनी जनावरांची लंपीची साथ आणली नाही. माळावरच्या पाच गावांत ती मी नेली. हे मला माहीत होतं, आणि तरी लोक त्यांच्याकडं बोट दाखवत असताना मी गप्प बसलो. आधी एवढं लिहून टाकतो, कारण त्यांच्याविषयी लिहायला बसलो की मी त्यांच्या गमती सांगत सुटतो आणि स्वतःला सोडवून घेतो. दोनतीनदा असं झालंय. ते कागद फाडून टाकले.

हेडी म्हणजे जनावरांच्या बाजारातला दलाल, घेणारा आणि विकणारा यांच्या मधला माणूस. अण्णांचं खरं नाव शरणप्पा, पण बीदर जिल्ह्यातल्या आमच्या भागात मराठी बोलणारे काय आणि कन्नड बोलणारे काय, सगळे त्यांना हेडीअण्णाच म्हणत. उंच, वाळकी अंगकाठी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खांद्यावर मोठा रुमाल. खिशातल्या मोबाईलचा आवाज त्यांना कधीच कमी करता आला नाही. तो वाजला की आजूबाजूची वासरं दचकत.

त्यांची एक सवय मला पहिल्याच दिवशी खटकली. कुठलंही अंतर ते किलोमीटरमध्ये सांगत नसत. मी या भागात नवीन बदलून आलो होतो, मोटारसायकलवर फिरायचं होतं, म्हणून विचारलं, "अण्णा, संतपूर इथनं किती लांब?"

"एक बाजार."

"आन् मन्नाएखेळ्ळी?"

"दोन बाजार."

आमच्या दवाखान्याच्या पायरीवरून समोरचा माळ दिसतो. त्याच्या कडेला एक गाव आहे, त्यातल्या देवळाचा कळस नुसत्या डोळ्यांनी दिसतो. मी मुद्दाम त्याकडं हात केला. "ते?"

"ते लई लांब हाय. तीन बाजार."

मी हसलो. "अण्णा, इथनं हाळी दिली तर तिथं ऐकू येईल की."

"हाळी जाईल डाक्टर. बैल जातोय का? मधी ओढा हाय, त्याला पूल न्हाई. तिथला बैल आधी पल्याडच्या बाजाराला उतरतोय. तिथनं इकला तर म्होरच्या बाजाराला, आन् तिथनं आपल्याकडं. झाले का तीन? तुमची सायकल कशी बी जातीय, तिचं सोडा."

मोटारसायकलला ते सायकलच म्हणत. आणि मला डॉक्टर म्हणत. मी डॉक्टर नाही. सरकारी पशुदवाखान्यातला निरीक्षक. टोचणं, मलमपट्टी, दाखले, नोंदी ही माझी कामं. पण सगळा तालुका डॉक्टर म्हणायचा आणि मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

जनावर कुठून कुठून आलंय हे ते बघून सांगत. एकदा एका शेतकऱ्यानं देवणी जातीचा एक बैल दाखल्यासाठी दवाखान्यात आणला. पांढराशुभ्र, तोंडाशी काळा, बघत राहावा असा. अण्णा चहा प्यायला आले होते. त्यांनी बैलाचा पाय उचलून नाल पाहिला, कासऱ्याची गाठ चाचपली, शिंगाच्या रंगावर नख ओढून त्याखालचा रंग पाहिला. म्हणाले, "उदगीरकडनं निघालाय. मधी एका बाजाराला इकला न्हाई, तिथं शिंगं पुन्यांदा रंगवली. नाल मातुर आपल्या हिकडच्या लोहाराचा."

शेतकरी म्हणाला, "मला तर घरचा हाय म्हणून सांगितलं."

"घरचाच हाय बाबा," अण्णा बशी खाली ठेवत म्हणाले. "कुणाच्या तरी."

दुपारी दवाखान्यात गर्दी नसली की ते बाकावर रुमाल पसरत आणि खिशातून तुरीचे दाणे काढून मांडत. एकेक दाणा म्हणजे एकेक बाजार. काडीनं त्यांच्यामध्ये रेघा ओढत. मी आधी करमणूक म्हणून बघायचो. नंतर नंतर त्यात गुंतत गेलो. एकदा त्यांनी मला विचारलं, "समजा, जनावर थांबवायचं हाय. कोणता बाजार बंद करताव?"

मी तालुक्यातल्या सगळ्यात मोठ्या बाजारावर बोट ठेवलं.

त्यांनी तो दाणा उचलला. "आता बघा. ह्यो न्हाई. बैल थांबला का? न्हाई. ह्या वाटंनं न्हाई गेला तर त्या वाटंनं जातोय. मोठ्याच्या भवताली धा वाटा असतेत." दाणा त्यांनी परत ठेवला आणि कडेचा एक बारका दाणा उचलला. गुरुवारी भरणारा किरकोळ बाजार, जिथं एका पारावर मावतील एवढीच जनावरं येतात. "आता बघा. हिकडची लातूरकडची जनावरं हिकडंच. तिकडची आळंद-कलबुर्गीकडची तिकडंच. दोन्हीला जोडणारा ह्यो एकटाच व्हता. गर्दी बघू नका डाक्टर. कुणाच्या वाटा कशातनं जायलेत ते बघा."

मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही शाळेत जायला पाहिजे होतं."

"गेलतो की. मास्तर बैलावर निबंध लिवा म्हणले. त्यांना बैलाची काय बी माहिती नव्हती, म्हणून सोडलो."

बैलांपासून सुरुवात व्हायची, पण ते तिथं थांबत नसत. सोयरिकीसुद्धा ते अशाच मांडून दाखवायचे. अमक्या गावच्या मुली तमक्या गावातच का दिल्या जातात, याला जात, पैसा, पाहुणेरावळे अशी आपण कारणं सांगू. अण्णा म्हणत, "त्या दोन गावांचा बाजार एक हाय. बाप बैल बघायला जातोय आन् पोरगा बघून येतोय." ज्वारीचं एखादं वाण कुठल्या गावात कधी पोचलं, घुंगुरमाळेचं एखादं नवं विणकाम कुठून निघून कुठवर आलं, सगळं ते दाण्यांवरच समजावत. जाळं एक कळलं की दुसरं कळतं, असं काही ते बोलत नसत. "तेच हाय की," एवढंच म्हणायचे.

एकदा त्यांच्याच मरणाची अफवा उठली. ते तालुक्याच्या ठिकाणी डोळ्यांच्या ऑपरेशनला गेले होते. आठ दिवसांनी परतले तर दारात पाहुणे बसलेले. दुसरा एखादा चिडला असता. अण्णांना आपण कुठून कुठं मेलो याचंच कौतुक. प्रत्येक पाहुण्याला पाण्याचा तांब्या देऊन विचारत, "तुमाला कुणी सांगितलं? आन् त्येला कुणी?" मी गेलो तेव्हा दाणे मांडून झाले होते. मी म्हणालो, बसस्टँडवरून पसरली असेल, तिथं गर्दी असते.

"गर्दीत बातमी विझतीय डाक्टर. तिथं कोन कुणाचं ऐकतंय? ही कासारणीनं नेली. ती एकटीच घरोघर जातीय. हात हातात घेऊन बांगडी भरतीय, मग बाई ऐकतीयच की. तिच्या बिचारीच्या मनात काय बी नव्हतं. ती आपली गावं करत गेली, आन् मी गावोगाव मेलो."

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती दुपार आठवली की आता मला बसवत नाही, उठून येरझाऱ्या घालतो.

लंपी आली तेव्हा सुरुवातीला मी अण्णांचं ऐकलं, हे खरं आहे. जनावरांच्या अंगावर गाठी येतात, ताप भरतो, पाय सुजतात, दूध आटतं. आमच्या तालुक्यात पहिलं जनावर खालच्या गावात सापडलं, दवाखान्याला अगदी लागून. मोठा बाजार बंद करायचं घाटत होतं. मी वर सांगितलं, मोठ्याबरोबर गुरुवारचा बारकासुद्धा बंद करा, नाहीतर उपयोग नाही. ते पटलं. मग सगळेच बाजार बंद झाले. साहेबांनी माझी पाठ थोपटली. अण्णांचं नाव मी घेतलं नाही. हेडीनं सांगितलं म्हणालो असतो तर कुणी ऐकलं नसतं, अशी तेव्हा मी स्वतःची समजूत घातली.

बाजार बंद म्हणजे अण्णांचा धंदाही बंद. तरी ते म्हणाले, "बरं झालं. जनावर जगलं तर हेडी जगंल."

मग लसीचं काम निघालं. माळावरची पाच गावं अजून स्वच्छ होती, तिथं टोचून घ्यायचं ठरलं. बरोबर एक शिपाई दिला होता, तो दोन दिवसांतच तापानं पडला. मी एकटा राहिलो. नियम साधा आहे: आधी निरोगी गावं करायची, आजारी जनावराला शेवटी हात लावायचा. आणि दर जनावराला नवी सुई. मी काय केलं ते लिहितो. खालचं गाव दवाखान्याजवळ होतं, म्हणून सकाळी आधी तिथल्या आजारी जनावरांना तापाची इंजेक्शनं देत असे. मग बर्फाचा डबा गाडीला बांधून माळावर चढत असे. बर्फ वितळायच्या आत लस संपवायची घाई. सुया संपल्या होत्या. मागणी पाठवली होती, आल्या नव्हत्या. त्या येईपर्यंत काम थांबवता आलं असतं. निदान वापरलेल्या घरी नेऊन उकळता आल्या असत्या. मी त्याच सुया स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून पुढं वापरल्या. पाच गावं, पाच दिवस. लोक रांगा लावून उभे राहत, बायका गुळाचा चहा देत. मी फार कष्ट करतोय असं मला वाटत होतं. करतही होतो.

दीड आठवड्यानं पहिल्या गावात गाठी दिसल्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात. मग तिसऱ्या. एका विधवा बाईची दुभती देवणी गाय मेली, तिच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. पाठोपाठ वासरं गेली. माळावर हलकल्लोळ झाला. बाजार तर बंद, मग रोग चढला कसा? कुणीतरी म्हणालं, हेडीनं चोरून जनावरं आणली असतील, त्यांचंच पोट बुडालंय ना. दुपारपर्यंत 'असतील'चं 'आणली' झालं.

त्या दुपारी अण्णा दवाखान्यात आले. चहाला नाही म्हणाले. बाकावर रुमाल पसरला आणि पाच दाणे मांडले. या वेळी रेघा ओढल्या नाहीत.

"डाक्टर, ही वरची पाच गावं. ह्यांच्यात बाजाराची रेघ न्हाई, बंद हाय. बैल थांबलाय. मी थांबलोय. दूधवाला दोनच गावं करतोय, बाकीच्या तिनात जात न्हाई. माशी-गोचीड म्हणाव तर ती एवढं उडत न्हाई, आन् उडाली तर आधी जवळच्या गावात जाईल. ह्ये मधलं गाव सोडून म्होरच्या गावात आधी कामून आलं?" त्यांनी एकेक दाण्यावर बोट ठेवलं. "आधी ह्ये. मग ह्ये. मग ह्ये. मग माघारी ह्ये मधलं. मग शेवटचं. ह्या पाची गावांत, ह्याच सरीनं, कोन गेलं?"

मधल्या गावात त्या दिवशी लग्न होतं म्हणून मी ते मागं ठेवलं होतं.

"आन् दुसरं. मी वर जाऊन बघून आलो. लांबनंच, हात न्हाई लावलो. पैली गाठ सगळ्यांना डाव्या मानंवरच हाय." डाव्या मानेवर मी टोचतो. "सुई बदलत हुताव का डाक्टर?"

त्यांचा आवाज खाली होता. दवाखान्यात आम्ही दोघंच होतो, पण ते कुणी ऐकेल या बेतानं बोलत होते. आता कळतं, ते मला वाट करून देत होते. मी काय केलं? आवाज चढवला.

"तुम्ही मला शिकवायलाव का? बैलाचे दलाल तुम्ही! ऊन न्हाई तान न्हाई, एकटा फिरून टोचलो मी. लोक तुमच्यावर आळ घ्यायलेत म्हणून तुम्ही माझ्यावर ढकलायलाव व्हय?"

अण्णांनी दाणे गोळा केले. एक बाकाखाली पडला होता, तो वाकून उचलला. दारात थांबले. "कासारणीच्या मनात बी काय नव्हतं, डाक्टर," म्हणाले आणि गेले.

चार दिवसांनी माळावर पाच गावांची बैठक बसली. मलाही बोलावलं होतं. अण्णा स्वतःहून आले, कडेला उकिडवे बसले. खूप आरडाओरडा झाला. मग एका म्हाताऱ्या पाटलांनी सगळ्यांना गप्प केलं. म्हणाले, "आपण अडाणी भांडून काय हुणार? डाक्टर शिकलेले हायेत. डाक्टर, तुम्ही सांगा. ह्यो रोग कशानं येतोय?"

मी उभा राहिलो. म्हणालो, "जनावरांची ने-आण झाली की हा रोग येऊ शकतो."

या वाक्यात एक शब्द खोटा नाही. पुस्तकात तसंच लिहिलंय. मी खाली बसलो तेव्हा सगळ्यांच्या माना अण्णांकडं वळल्या होत्या. अण्णा माझ्याकडं बघत होते. रागानं नव्हे. एखादं ओळखीचं जनावर अचानक लंगडताना दिसावं, तसं. मी घड्याळ बघितलं. त्यांनी तोंड उघडलं असतं, डावी मान म्हटलं असतं, तर तिथल्या तिथं सगळं उघडं पडलं असतं. ते बोलले नाहीत. का बोलले नाहीत हे मी पुढं कितीतरी वेळा स्वतःला विचारलं. हेडीच्या शब्दापेक्षा डॉक्टरचा शब्द मोठा ठरेल, हे त्यांना माहीत असेल. किंवा मीच उठेन, अशी ते वाट बघत असतील. ही दुसरी शक्यता मला जास्त छळते.

बाजार पुन्हा सुरू झाले तेव्हा मी तिथं ड्यूटीवर होतो. जनावरांचा भाव आमच्याकडं अजूनही तोंडानं होत नाही. हेडी रुमाल धरतो, घेणारा त्याखाली हात घालतो, बोटांवर बोटं दाबून आकडा ठरतो. चार लोकांसमोर होऊनही तो कुणाला कळत नाही. अण्णा नेहमीच्या लिंबाखाली रुमाल धरून उभे होते. सकाळपासून दुपारपर्यंत त्यांच्या रुमालाखाली कुणी हात घातला नाही. लोक नमस्कार करत होते, पण दुसऱ्या हेडीकडं जात होते. मी दाखले लिहीत होतो. मान वर न करता लिहीत होतो.

पुढच्या वर्षी मी अर्ज करून बदली घेतली, आळंद तालुक्यात निंबर्ग्याच्या बाजूला. लांब जावं म्हणून घेतली. किती लांब? नकाशावर बघितलं नाही. मनातल्या मनात बाजार मोजले. ती खोड अंगात मुरली होती.

तिथं तीन वर्षं काढली. मग या हिवाळ्यात कलबुर्गीला आमचं प्रशिक्षण लागलं. शिकवायला एक तरुण बाई होत्या. त्यांनी पडद्यावर ठिपके आणि रेषा दाखवल्या. म्हणाल्या, हे रस्त्यांचं जाळं. माणसांनी आधी रस्ते आणि रेल्वे यांचा अभ्यास केला. कुठला नाका बंद पडला तर काय अडतं, वाहतूक कुठं वळते, हे मोजायची रीत शोधली. मग लक्षात आलं की हीच रीत विजेच्या तारांना लागू पडते, शरीरातल्या रक्तवाहिन्यांना, अफवांना, साथीच्या रोगांना. पुढचं चित्र लावून म्हणाल्या, "ठिपक्यावरची गर्दी मोजू नका. इतरांच्या वाटा त्यातून किती जातात, ते मोजा. आणि अंतर जमिनीवरचं धरू नका. किती टप्प्यांत पोचता येतं, ते अंतर."

बाजूचा सहकारी विचारायला लागला, साखर कमी झाली का. मला उठून बाहेर जायचं होतं, पण रांगेच्या मधोमध बसलो होतो.

दुपारी त्यांनी प्रत्येकाला आपल्या भागाचं जाळं काढायला सांगितलं. लोक नकाशे उघडून बसले. मी कागदावर माझा जुना भाग एकदम काढत गेलो: मोठा बाजार, गुरुवारचा बारका, माळ, ओढा, दूधवाल्याच्या वाटा. बाईंनी तो कागद सगळ्यांना दाखवला. म्हणाल्या, इतकं नेमकं काम त्यांनी क्वचित पाहिलंय. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"अनुभवातून," मी म्हणालो.

टाळ्या पडल्या. बाई कागद निरखत होत्या. सहज म्हणाल्या, "यात बैल आहेत, दलाल आहेत, दूधवाला आहे. जनावरांचा डॉक्टर नाही का फिरत तुमच्याकडं?"

सगळे हसले. मीही हसलो. तो हसण्याचा आवाज माझ्या कानात त्यानंतर दोन दिवस राहिला. प्रशिक्षण संपलं त्या सकाळी सगळे घरच्या गाडीला बसले. मी बीदरची गाडी धरली.

अण्णांचं घर बदललं नव्हतं. दारात त्यांच्या पत्नी अक्का तुरीची डाळ पाखडत बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं, सूप थांबवलं नाही. "या डाक्टर. चार वर्सांनी वाट घावली का?" मग आत वळून कन्नडमध्ये ओरडल्या, "सुईवाला आलाय!"

म्हणजे घरात माहीत होतं. चार वर्षं माहीत होतं आणि उंबऱ्याबाहेर गेलं नव्हतं.

अण्णा भिंतीला धरत आले. डोळ्यांनी कमी दिसत होतं. बाजारात आता ते गोंडे, घुंगुरमाळा, दोर विकतात. खाटेवर ते सगळं पसरलेलं होतं. मी खाली बसलो आणि बोलायला लागलो. सुया, स्पिरिट, बैठक, घड्याळ बघितलं ते, प्रशिक्षणातला तो कागद, टाळ्या. सगळं. ते एका माळेत घुंगरू ओवत ऐकत होते. शेवटी मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो, तर त्यांनी पाय वर घेतले.

"हितं कामून सांगायलाव?" ते म्हणाले. "मला तर आधीपासनं माहीत हाय. हिला बी माहीत हाय. माहीत असलेल्या मानसाला सांगून तुमाला हलकं वाटंल. माझं काय?"

मी परत सरळ बसलो.

"नोकरी जाईल म्हणून भ्यालाव व्हय?"

"व्हय," मी म्हणालो.

"माझी गेली की. मेलो का?"

दारातून अक्का म्हणाल्या, "एकदा मेलता की. पाहुणे आलते."

अण्णा हसले. मला हसता आलं नाही. मी विचारलं, "माळावर जाऊ? पाची गावांत जाऊन सांगतो."

"एका गावात सांगितलाव तर तिथंच ऱ्हाईल. म्होरच्या गावात जाईपर्यंत त्याचं भलतंच काय तर हुईल. गावात कामून जाताव?" त्यांनी माळ खाली ठेवली. किती वर्षांनी त्यांच्या चेहऱ्यावर दाणे मांडतानाचा तो जुना उत्साह मी पाहिला. "माळाच्या पायथ्याला नवा फाटा झालाय. पाची गावची मानसं सकाळी तिथंच उतरतेत आन् दुसऱ्या जीपड्यात बसतेत. बाजारचा दिवस बघा. तिथनं गेलेलं एकाच दिशी पाचीकडं पोचतंय, आन् समद्यांनी एकच ऐकलेलं असतंय."

"तुम्ही येताव?"

"येतो. पर बोलणार न्हाई. मागल्या खेपंला बी बोललो न्हाई."

परवा, बाजारच्या सकाळी, आम्ही दोघं त्या फाट्यावर गेलो. अण्णा ओढ्यावरच्या नव्या पुलाच्या कठड्यावर बसले. तीन जीपगाड्या उभ्या होत्या, माणसं उतरत होती, चढत होती. कोंबड्या, पिशव्या, कॉलेजच्या मुली. मी रस्त्याच्या कडेच्या दगडावर उभा राहिलो. एक ड्रायव्हर म्हणाला, "डाक्टर, सरका जरा, गाडी काढायचीय." मी म्हणालो, दोन मिनिटं थांब. माझा आवाज इतका चिरका निघाला की लोक त्यानंच थांबले. गर्दीत ती विधवा बाई होती. डोक्यावर टोपली घेऊन. ती असेल असं माझ्या ध्यानीमनी नव्हतं. तिला बघून खाली उतरावं असं वाटलं, पण उतरलो नाही.

आधी मराठीत सांगितलं. मग मागून एका म्हातारीनं "एनंत?", काय म्हणतोय, असं विचारलं, म्हणून तेच कन्नडमध्ये सांगितलं. तिथं जे बोललो ते इथंही जसंच्या तसं लिहितो, कारण आता ते मला बदलायचं नाही.

"मी डॉक्टर नाही, निरीक्षक आहे. चार वर्षांमागं तुमच्या गावांत लंपी आली ती माझ्या सुईनं आली. खालच्या गावातल्या आजारी जनावरांची सुई मी तुमच्या जनावरांना टोचली. तुमच्या गाई, तुमची वासरं माझ्यामुळं मेली. मावशी, तुमची गाय माझ्यामुळं मेली. शरणप्पा अण्णांनी एकही जनावर आणलं नव्हतं. रोग कुठनं आला ते त्यांनी सगळ्यांच्या आधी ओळखलं होतं आणि मला एकट्याला येऊन सांगितलं होतं. बैठकीत तुम्ही मला विचारलंत, तेव्हा मी माझी नोकरी वाचवली आणि त्यांची घालवली. त्यांच्याकडून शिकलेलंसुद्धा मी माझं म्हणून मिरवलं. माझ्यावर काय करायचं ते तुम्ही ठरवा. अण्णा, मी तुमचा गुन्हेगार आहे. मला माफ करा."